सकाळचे बीपी आणि तिसरी गोळी : या चुका टाळा

"सकाळी बीपी वाढते, एक गोळी वाढवून द्या," हे यवतमाळकडच्या माझ्या दवाखान्यात इतक्यांदा ऐकले आहे की, मी आता गोळीआधी मोजणीची चौकशी करतो.

मागच्या कापूस वेचणीत एका वयस्क कास्तकाराने वही दाखवली. रोज सकाळी वरचा आकडा 165 च्या वर. दुसऱ्या दवाखान्यातून त्यांना तिसरी गोळी सुरूही झाली होती आणि दुपारी वावरात वाकले की भोवळ येत होती. "घरी मोजता तसेच मोजून दाखवा," म्हटल्यावर त्यांनी गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) तसाच ठेवून बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मशीन फुगत असताना मला वेचणीची मजुरी सांगू लागले. खर्रा थुंकून अर्धा तास थांबल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर आणि पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसल्यावर आकडा 112 वर आला. तिसरी गोळी थांबवल्यानंतर सात सकाळी, गोळी व चहा घेण्यापूर्वी, नीट मोजलेली सरासरी 142/88 भरली. घरच्या मोजणीत 135/85 ही मर्यादा धरतात.

उरलेली वाढ त्यांच्या लोसार्टन या बीपीच्या गोळीमुळे असावी, कारण तिचा परिणाम काहींमध्ये पहाटेपर्यंत ओसरतो. तिच्याजागी जास्त टिकणारी टेल्मिसार्टन दिली आणि तेवढ्याने भागले.

खरोखरच आणखी एका गोळीची जोड लागली, तर मी टिकाऊपणा पाहतो. अम्लोडिपिन दीर्घकाळ टिकते, पण घोट्यांवर सूज आणू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांत क्लोरथॅलिडोन हायड्रोक्लोरोथायझाइडपेक्षा जास्त वेळ काम करते, मात्र सोडियम-पोटॅशियम उतरवते. आमच्या मे महिन्याच्या उन्हात रक्ततपासणीशिवाय ती चालू ठेवणे मला धाडसाचे वाटते. तीन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही बीपी हटत नसेल, तेव्हा स्पायरोनोलॅक्टोन. 2015 च्या पाथवे-2 अभ्यासात ती बिसोप्रोलोल आणि डॉक्साझोसिनपेक्षा सरस ठरली. टेल्मिसार्टनसोबत ती देताना पोटॅशियम चढत नाही ना, हे तपासावेच लागते.

गोळी रात्रीवर ढकलणे हाही रामबाण नाही. 2022 च्या टाइम अभ्यासात, 21,000 हून अधिक रुग्णांत, हृदयविकार व पक्षाघाताच्या बाबतीत सकाळ-रात्र असा फरक दिसला नाही. गोळी बदलल्यावर चार दिवसांत "फरक नाही" म्हणणाऱ्या उतावळ्यांना मी पुढची तारीख महिन्याची देतो.

कधी दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असते, आणि गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफेनॅक बीपी चढवते. म्हणून मी औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला लावतो.