तैनातीवर असताना दिवस गेले तर: अमेरिकी लष्करात काय करायचं

युद्धक्षेत्रात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिक स्त्रीला दिवस गेले, तर तिला तिथे ठेवत नाहीत, परत पाठवतात. ही शिक्षा नाही. पण शिक्षेची भीती अगदीच हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर 2009 मध्ये उत्तर इराकमधले मेजर जनरल अँथनी कुकोलो यांनी गरोदर राहणं आणि सैनिक स्त्रीला गरोदर करणं हे दोन्ही गुन्हे ठरवले होते. गदारोळ झाला आणि वरिष्ठ जनरल रे ओडिएर्नो यांनी 1 जानेवारी 2010 पासून ती बंदी काढून टाकली. हाताखालच्या सैनिकाशी संबंध किंवा विवाहबाह्य संबंध यांवर कारवाई होऊ शकते, पण तो विषय वेगळा.

पाळी चुकली की आधी तपासणी. मध्यपूर्वेत जाण्यापूर्वी 30 दिवसांच्या आत गरोदरपणाची तपासणी सक्तीची असते, पण तिच्यावर फार विसंबू नका. गर्भधारणेनंतर साधारण दहा ते चौदा दिवस लघवीत काही दिसत नाही, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात राहिलेला गर्भ त्या तपासणीतून सहज निसटतो. किट 30 अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायचं असतं. तापलेल्या तंबूत पडून राहिलेल्या किटचं उत्तर धरू नका, मेडिककडून (तुकडीच्या वैद्यकीय सहाय्यकाकडून) नवं घ्या. उत्तर 'नाही' आलं आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. गर्भनिरोधक गोळ्या सलग घेणाऱ्यांना पाळी येतच नाही, मग चुकली हे कळायचं कसं? सप्टेंबर 2012 मध्ये अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियनमध्ये एक ब्रिटिश सैनिक बाळंत झाली, तोवर आपण गरोदर आहोत हे तिलाच ठाऊक नव्हतं.

उत्तर 'हो' आलं तर सार्जंटकडे नव्हे, आधी वैद्यकीय पथकाकडे जा. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लांबवू नका, कारण गर्भ नलिकेत अडकला असेल तर नळी फुटून आत रक्तस्राव होतो आणि शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या चौकीवर तो जिवावर बेततो. पोटात एका बाजूला कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं असेल तर त्याच क्षणी सांगा. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तेही सांगा, गोळी बदलावी लागते. गोवर-रुबेलासारख्या जिवंत विषाणूच्या लसी या काळात देत नाहीत.

2023 च्या नियमाने गरोदरपणाची बातमी कमांडरला कळवायला 20 आठवड्यांपर्यंत मुभा दिली. ती वाचून अनेकींचा गैरसमज होतो. तैनाती किंवा धोक्याचं काम असेल तर ही मुभा लागू होत नाही, आणि तैनातीवर ती धरून बसणं धोक्याचंच.

परतल्यावर डॉक्टर कामाच्या मर्यादांचा कागद देतात. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण तुकडीत तो कुणी मुद्दाम वाचत नाही. चिलखत आणि जड पट्टे 14 आठवड्यांनंतर घालायचे नाहीत. 20 आठवड्यांनंतर सावधान स्थितीत 15 मिनिटांहून जास्त उभं करता येत नाही. 28 आठवड्यांनंतर आठवड्याला 40 तासांचं काम आणि दर दोन तासांनी 15 मिनिटं विश्रांती. इंधनाच्या वाफा आणि गोळीबाराच्या मैदानातलं शिसं यांपासून दूर राहण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

नोकरी सोडण्याचा पर्याय कमांडर सांगतो. तो ऐच्छिक आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत गरोदर स्त्रीला सहसा सक्तीने घरी पाठवत, ते दिवस गेले. थलसेनेच्या 2022 च्या निर्देशानुसार बाळंतपणानंतर 365 दिवस नव्या तैनातीवर पाठवत नाहीत.

एकटी आई असाल किंवा नवराही सैन्यात असेल, तर बाळ येण्याआधीच कुटुंबसंगोपन आराखडा भरावा लागतो. तुम्ही दूर असताना मूल कोण सांभाळणार याची नावं आणि त्यांची लेखी संमती त्यात लागते. आजी भारतात असेल तर तिच्या व्हिसाचा आणि मुलाच्या पासपोर्टचा विचार तेव्हाच करा.