पाण्यावर मणी कसा सरकतो, हे घरी कसं पाहावं

नाशिकच्या रामकुंडात सोडलेला दिवा प्रवाह आणि वारा नेईल तिकडे जातो. पण थर्माकोलचा मोहरीएवढा मणी शांत पाण्यावर ठेवा, तो आपणहून काठाकडे निघतो.

काचेचं, उभ्या काठाचं पसरट भांडं घ्या. भांडी बाजारात मिळेल. खाली आलेख कागद ठेवा आणि पंखा बंद करा.

आधी स्वच्छता, कारण प्रयोग फसतो तो इथेच. भांडं साबणाने घासा, मग साबणाचा अंशही उरणार नाही इतकं धुवा आणि आत बोट लावू नका. पाणी भरून कापराचा बारीक कण टाका. तो गरगर फिरला तर पृष्ठभाग स्वच्छ, सुस्त पडला तर पुन्हा धुवा. कापराला थांबवणारा तेलाचा थर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 मध्ये मोजला होता; तो दोन नॅनोमीटरहूनही पातळ निघाला! डोक्याला लावलेल्या तेलाचा हात लागला तरी पुरे. चाचणी झाली की ते पाणी फेकून ताजं घ्या.

आता भांडं पाऊणच भरा. काचेपाशी पाणी जरासं वर चढलेलं दिसेल. मणी हलका, त्याला वर जायचं असतं, म्हणून तो हा चढ चढून काठाला चिकटतो. मग ड्रॉपरने पाणी घालत राहा, काठावर फुगवटा येईपर्यंत. तोच मणी मध्याकडे परत येतो. मला हा क्षण सगळ्यात आवडतो.

दोन मणी चिमट्याने सेंटीमीटरभर अंतरावर ठेवा आणि मोबाइलवर वरून स्लो मोशनमध्ये टिपा. प्रत्येक मण्याभोवती पाणी किंचित उचललेलं असतं. दुसऱ्यासाठी तो चढच. हा चढ सुमारे 2.7 मिलिमीटरच्या टप्प्यात झपाट्याने ओसरतो, म्हणून मणी आधी रेंगाळतात आणि जवळ येताच झेपावतात. चित्रफीत थांबवत थांबवत आलेख कागदावरचं अंतर लिहून काढा, वेग मिळेल.

या वेगाला रोखतं ते पाणीच. त्याची श्यानता (म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध) हवेच्या पन्नासपटीहून जास्त, त्यामुळे वरच्या उघड्या भागाला जवळपास अडथळा नसतो. अर्धा बुडालेला गोळा सावकाश सरकत असेल, तर त्याला पूर्ण बुडालेल्याच्या सुमारे निम्माच रोध होतो.

शेवटी खसखशीचा कोरडा दाणा मण्याजवळ अलगद ठेवा. दाणा जड, त्याच्याखाली पाणी दबतं, आणि दोघं एकमेकांपासून दूर सरतात.