कॉर्न स्नेकच्या पिल्लांचे रंग आधी कसे ओळखावेत

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. मूळ रंग नारिंगी-तपकिरी, त्यावर काळ्या कडांचे लाल डाग. १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनात काळा रंग अजिबात नसलेला एक कॉर्न स्नेक सापडला. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञाने त्याचा वंश वाढवला आणि हा रंग मेंडेलच्या वाटाण्यांचेच नियम पाळतो हे दाखवून दिले. ते नियम आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे हा हिशेब कुणालाही जमतो.

इथे दोनच रंग घेऊ. 'अ‍ॅमेल' सापात मेलॅनिन, म्हणजे काळे रंगद्रव्य, बनत नाही. 'अ‍ॅनेरी' सापात लाल रंग नसतो, तो राखाडी-काळा दिसतो. दोन्ही गुण अप्रभावी आहेत. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच रंग दिसतो. एकच प्रत बदललेली असेल तर साप दिसायला नॉर्मलच राहतो, पण ती प्रत पुढे देऊ शकतो. पाळणारे अशा सापाला 'हेट' म्हणतात.

म्हणून सगळ्यात आधी दोन्ही सापांची कुंडली मिळवा. आई-बाप कोणत्या रंगाचे होते, आधीच्या पिल्लांत काय निघाले, हे विकणाऱ्याला विचारा आणि लिहून घ्या. नुसता फोटो पाहून हेट कळत नाही. मादी पूर्वी दुसऱ्या नरासोबत होती का, हेही विचाराच. मादी शुक्राणू बराच काळ साठवून ठेवू शकते, आणि मग बाप कोण इथपासूनच गोंधळ होतो.

आता एका जनुकाची चौकट मांडा: एका बाजूला आईच्या दोन प्रती, दुसऱ्या बाजूला बापाच्या, आणि मधल्या चार घरांत त्यांच्या जोड्या. बदललेली प्रत 'क–', मूळ प्रत 'क+'. अ‍ॅमेल (क– क–) आणि शुद्ध नॉर्मल (क+ क+) यांची सगळी पिल्ले दिसायला नॉर्मल, पण सगळी हेट. हेट आणि हेट यांच्या प्रत्येक पिल्लाला अ‍ॅमेल होण्याची शक्यता एक चतुर्थांश. अ‍ॅमेल आणि हेट यांच्यात निम्मी.

दोन जनुके आली की सोळा घरांची चौकट काढत बसू नका, शक्यतांचा गुणाकार करा. अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी यांची जोडी लावली (दोघांत एकमेकांचे जनुक लपलेले नाही असे धरून), तर पहिल्या पिढीत सगळी नॉर्मल निघतात. नवखे इथेच निराश होतात. पण ती सगळी दोन्ही जनुकांची हेट असतात. त्यांच्या आपसातल्या पिल्लांत ९:३:३:१ हे ओळखीचे गुणोत्तर येते: नऊ नॉर्मल, तीन अ‍ॅमेल, तीन अ‍ॅनेरी आणि एक 'स्नो', म्हणजे काळा-लाल दोन्ही नसलेला गुलाबी-पांढरा साप. १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६.

मात्र ही शक्यता प्रत्येक अंड्याची स्वतंत्र असते. सोळा अंडी उबली तरी एकही स्नो न निघण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के राहते. स्नोच हवा असेल तर अ‍ॅनेरीसाठी हेट असलेले दोन अ‍ॅमेल एकत्र आणा. मग सगळी पिल्ले अ‍ॅमेल आणि त्यांतली सरासरी पाव स्नो. मी तरी हाच मार्ग सुचवेन, कारण नको असलेली पिल्ले कमी जन्मतात आणि प्रत्येक पिल्लाला चांगले घर शोधून द्यावे लागते.

बाजारात '६६ टक्के हेट' असे लिहिलेले दिसते, त्याचा अर्थ नीट समजून घ्या. हेट गुणिले हेट या जोडीतल्या नॉर्मल दिसणाऱ्या तीन पिल्लांपैकी सरासरी दोन हेट असतात. कोणती दोन, ते दिसत नाही. खात्री करायची तर त्या सापाची जोडी अ‍ॅमेलशी लावा. एक जरी अ‍ॅमेल पिल्लू निघाले तरी तो हेट ठरला. ओळीने पाच नॉर्मल निघाली तर हेट असण्याची शक्यता ६६ वरून सुमारे ६ टक्क्यांवर येते, दहा निघाली तर जवळपास संपते.

सारखा दिसणारा रंग सारख्याच जनुकाचा असतो असे नाही. 'चारकोल' सापही अ‍ॅनेरीसारखाच राखाडी, पण जनुक वेगळे. त्यांची जोडी लावली तर पिल्ले नॉर्मल निघतात. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या अजगरात 'पेस्टल'सारख्या जनुकाची एकच प्रत रंग बदलते आणि दोन प्रती आल्या की 'सुपर पेस्टल' होतो. तिथे चौकट तीच, उत्तर वाचायची रीत वेगळी. त्याच सापातल्या 'स्पायडर' रंगासोबत डोके डगमगण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. हा रंग कितीही सुंदर वाटला तरी त्याची पैदास करू नये.

भारतात धामण, नाग, अजगर यांसारखे आपले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे संरक्षित आहेत, ते पाळता येत नाहीत. बॉल पायथन सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत असल्याने त्याची आणि त्याच्या पिल्लांची नोंदणी लागते. जोडी लावण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा.

कॉर्न स्नेकची अंडी साधारण दोन महिन्यांत उबतात. पिल्लू बाहेर येताच फोटो काढा आणि पहिली कात टाकल्यावर पुन्हा काढा, कारण रंग तेव्हा स्वच्छ दिसतो. प्रत्येकाला क्रमांक देऊन आई, बाप, तारीख आणि दिसलेला रंग वहीत नोंदवा. पिल्लू देताना त्या पानाची प्रत सोबत द्या, म्हणजे पुढच्या माणसाला कुंडली शोधत बसावे लागणार नाही.