ओळखीच्या कार्टूनचं लहानपण लिहायचं-काढायचं असेल तर

आपल्या आवडत्या कार्टूनचं बाळरूप काढावं, त्याची छोटी कॉमिक किंवा यूट्यूबसाठी दोन मिनिटांचं ॲनिमेशन करावं असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, आणि होतं असं की डोकं मोठं काढलं, डोळे टपोरे केले, तोंडात चोखणी दिली की पहिला भाग तयार होतो, सगळे म्हणतात किती गोड, आणि दुसऱ्या भागात काय करायचं ते काही केल्या सुचत नाही. कारण चित्र लहान झालं पण गोष्ट होती तिथेच राहिली. त्यामुळे चित्राआधी काय करायचं ते सांगते, चित्राचं नंतर बघू.

एक कागद घ्या, मधून रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा की हे पात्र मोठेपणी काय काय अगदी सहज करतं. उजव्या बाजूला लिहा की त्यातलं काय त्याला अजून जमत नाही किंवा अजून कळतच नाही. उजवी बाजू भरली नाही तर ते पात्र सोडा, दुसरं घ्या, खरंच सांगते.

आपल्याकडे हे तंत्र फार जुनं आहे. हनुमान बघा ना, ताकद मोठेपणीचीच आहे, झेपही तीच, फक्त सूर्य म्हणजे काय हे त्याला माहीत नाही, त्याला ते पिकलेलं फळ वाटतं आणि तो खायला निघतो. सगळी गोष्ट त्या एका न कळण्यावर उभी आहे. बाळकृष्णाची माती खाल्ल्याची गोष्ट तर मला त्याहून भारी वाटते, कारण तिथे आपण यशोदेच्या बाजूने बघतो, ती बिचारी रागवायला आलीय, "आ कर बघू" म्हणते आणि तोंडात अख्खं विश्व दिसतं. मूल काय आहे हे प्रेक्षकाला माहीत आणि आईला माहीत नाही. लहानपणाच्या कार्टूनमध्ये ही गंमत तुम्हाला कायम हाताशी असते, कारण तुमच्या वाचकाने मोठं पात्र आधी पाहिलेलं असतं.

मग वय ठरवा. "लहान" असं मोघम ठेवू नका, रांगतं बाळ, बालवाडीतलं मूल आणि चौथीतलं पोर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. महाभारतातला भीम घेऊन ग्रीन गोल्ड या ॲनिमेशन कंपनीने २००८ मध्ये छोटा भीम आणला तेव्हा तो शाळकरी वयाचा होता, म्हणजे मित्रांची टोळी, गावभर हिंडणं, लाडू खाऊन दे धडक असं सगळं जमतं. पुढे २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर माइटी लिटल भीम आला, त्यात तोच भीम एकदम रांगत्या वयात नेला. आता रांगणारं बाळ बोलत नाही, तर त्यांनी मालिकेतले संवादच काढून टाकले, सगळं हावभावांवर आणि आवाजांवर, भाग पण छोटे छोटे. आणि संवाद नाहीत म्हटल्यावर ती कुठल्याही देशातल्या मुलाला डबिंगशिवाय कळते. वयाचा एक निर्णय घेतला आणि त्यातून मालिकेचं अख्खं रूप ठरलं, हे मला फार आवडतं. तुम्ही पण वय ठरवलं की लगेच विचारा, या वयात बोलता येतं का, एकट्याने घराबाहेर जाता येतं का, खोटं बोलता येतं का, पैसे कळतात का.

घराबाहेर जाता येत नसेल तर काय करायचं याचं उत्तम उत्तर म्हणजे मपेट बेबीज. मपेट्स म्हणजे कर्मिट बेडूक वगैरे बाहुल्यांची अमेरिकन टोळी, त्यांच्या १९८४ च्या सिनेमात एक स्वप्नासारखा प्रसंग होता, त्यात सगळी मंडळी बाळं झालेली दिसली, आणि त्याच वर्षी त्यावरून कार्टून मालिका सुरू झाली. सगळं एका पाळणाघरातल्या खोलीत घडतं, पण मुलं खेळता खेळता कल्पनेने अंतराळात जातात, समुद्रात जातात, मध्येच खऱ्या सिनेमांचे तुकडे येतात. सांभाळणाऱ्या नॅनीचा चेहरा कधीच दिसत नाही, फक्त पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले पाय. ही युक्ती तुम्ही बिनधास्त वापरा, मोठ्यांना गुडघ्यापर्यंतच दाखवलं की प्रेक्षक आपोआप मुलाच्या उंचीवर येतो, आणि मोठ्यांचे चेहरे काढायचे कष्टही वाचतात. आणखी एक, मूळ टोळीत मुली फारच कमी होत्या म्हणून त्यांनी स्कूटर नावाच्या पात्राला स्कीटर नावाची जुळी बहीण दिली. मूळ मालिकेत काही कमी असेल तर ते भरून काढायची संधी इथे मिळते, ती सोडू नका.

स्वभावाचं काय करायचं, तर तो वाढवायचा. अ पप नेम्ड स्कूबी-डू १९८८ मध्ये आली, टॉम रूगर हे त्यामागचं मोठं नाव, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात नीट विचार केलेली मालिका हीच. मूळ स्कूबी-डू म्हणजे रहस्यं उकलणारे चार मित्र, फ्रेड, वेल्मा, डॅफ्नी, शॅगी, आणि त्यांचा कुत्रा स्कूबी. त्यात फ्रेड म्हणजे सरळ, समजूतदार लीडर, थोडा कंटाळवाणाच. लहानपणी त्याला काय केलं, तर तो लीडर आहेच पण कुठल्याही गुन्ह्यात गल्लीतल्या रेड हेरिंग नावाच्या दांडगट पोरावरच आळ घेतो, पुरावा असो नसो, आणि जवळपास प्रत्येक वेळी तोंडावर पडतो. वेल्मा हुशार, तर लहानपणी ती जवळजवळ बोलतच नाही, आणि जेव्हा बोलते तेव्हा समजायचं की काहीतरी सापडलंय. डॅफ्नी श्रीमंत घरची, तर काहीही हवं असलं की घरच्या बटलरला हाक. म्हणजे प्रत्येकाचा एकच गुण घेतला आणि तो मुलांच्या अतीपणाने खेळवला. मोठी माणसं आपला स्वभाव झाकतात, मुलांना ते जमत नाही, आणि लिहिणाऱ्याला याचा केवढा फायदा होतो बघा.

याउलट टॉम अँड जेरी किड्स, १९९० ची. मला टॉम आणि जेरी जीव की प्राण आहेत पण या मालिकेत लहान होऊन त्यांना फारसं काही मिळालं नाही असंच मला वाटतं, कारण मूळ टॉमला वय असं कधी नव्हतंच, पळापळी तीच, फटके तेच. उजवा रकाना रिकामा. बेबी लूनी ट्यून्समध्ये (२००२) वेगळीच अडचण, तिथे सिल्व्हेस्टर बोका आणि तो एरवी ज्याच्या मागे लागतो तो ट्वीटी पक्षी, दोघंही ग्रॅनी नावाच्या आजीच्या घरात भावंडांसारखे राहतात, त्यामुळे खाऊ की वाचू हा धागाच गेला. अगदी लहान मुलांना वाटून घ्यायला, रुसवा काढायला शिकवणारी मालिका म्हणून ती चांगली आहे, फक्त तुम्ही असं करणार असाल तर वैर काढून टाकल्यावर त्याच्या जागी काय ठेवणार ते आधीच ठरवा.

वैराचं करायचं काय याचं मला पटलेलं उत्तर जंगल कब्जमध्ये आहे. डिस्नेची १९९६ ची मालिका, त्यात बल्लू, बगीरा, का नावाचा अजगर, हत्ती, लुई आणि शेरखान, हो शेरखानसुद्धा, सगळे पिल्लं आहेत आणि एकमेकांचे दोस्त आहेत. मोगलीची गोष्ट माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना माहिती असतं की हा शेरखान पुढे काय होणार आहे, त्यामुळे त्याने साधी दादागिरी केली, एखादी गोष्ट ओढून घेतली, तरी आत कुठेतरी टोचतं. तुमच्या मूळ गोष्टीत पक्के दुश्मन असतील तर लहानपणी त्यांना एकाच बाकावर बसवून बघा, आणि बिनसायला सुरुवात कशी झाली ते सावकाश, अगदी थोडं थोडं दाखवा, पहिल्याच भागात भांडण लावू नका.

आता जुळणीचा प्रश्न, इथे चाहते पकडतातच. फ्लिंटस्टोन्स या अश्मयुगातल्या कुटुंबाच्या कार्टूनवरून केलेल्या फ्लिंटस्टोन किड्समध्ये (१९८६) लहान फ्रेड फ्लिंटस्टोनकडे त्याचा पाळीव डायनासोर डायनो पिल्लूरूपात आहे, पण मूळ मालिकेत डायनो फ्रेडच्या घरी येतो तो फ्रेडचं लग्न झाल्यानंतर. बऱ्याच प्रेक्षकांना चालतं, काहींना बिलकुल चालत नाही. तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सरळ ठरवा की हे वेगळं जग आहे, मूळ गोष्टीशी तारखा जुळवायच्या नाहीत, आणि मग त्यावर ठाम राहा. दुसरा म्हणजे गाठ मारा, आणि गाठ कशी मारायची ते परत हनुमानाकडून शिकावं. लहानपणी सूर्यापर्यंत उडालेला मारुती समुद्रकिनारी गप्प का बसलाय, हा प्रश्न कुणालाही पडेल, तर त्याचं उत्तर गोष्टीतच आहे, ऋषींना त्रास दिला म्हणून शाप मिळाला की तुला तुझ्या शक्तीचा विसर पडेल, कुणी आठवण करून दिली तरच ती परत येईल, आणि मग जांबवंत आठवण करून देतो. एका शापाने लहानपण आणि मोठेपण दोन्ही घट्ट बांधली गेली. तुमचं पात्र लहानपणी काहीतरी अचाट करणार असेल आणि मोठेपणी ते करत नसेल, तर असा एक धागा शोधाच.

चित्राकडे येऊ. मोठ्या माणसाचं शरीर साधारण साडेसात डोकी उंच धरतात, नवजात बाळाचं चार, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं पाच-साडेपाच. कार्टून बाळ काढताना दोन ते तीन डोक्यांवर आणतात. डोळे चेहऱ्याच्या मधल्या रेषेच्या खाली घ्या म्हणजे कपाळ मोठं दिसेल, गाल फुगीर, हातपाय आखूड आणि जाडसर, मान जवळजवळ नाहीच. कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हीच लक्षणं मांडली होती, अशा चेहऱ्याकडे बघून आपल्याला माया वाटते म्हणून. पण घोळ असा की बरीच कार्टून्स आधीपासूनच अशी असतात, मिकी माउसचं तर वर्षानुवर्षं डोकं आणि डोळे मोठे होत गेले, म्हणजे तो म्हातारा व्हायच्या ऐवजी लहानच होत गेला. अशा पात्राला आणखी किती गोल करणार. मग पात्र सोडा आणि आजूबाजूचं मोठं करा, टेबल नाकापर्यंत, दाराची कडी हात पोचणार नाही इतकी वर, शर्ट एक माप मोठा आणि बाह्या लोंबणाऱ्या, कॅमेरा जमिनीलगत. आणि ओळखीची एक खूण, चष्मा असेल, टोपी असेल, रंग असेल, ती अजिबात हलवू नका. काळी सावली केली तरी कोण आहे ते कळलं पाहिजे.

बोलण्याबद्दल, कारण मराठीत इथे फार चुकतं. बोबडं बोलणं सगळ्यांना देऊ नका, आठ वर्षांचं पोर बोबडं बोलत नाही. तीन-चार वर्षांच्या पात्राला एखादाच आवाज बदला, र चा ल करा बस, "लाजा आला", आणि तो शेवटपर्यंत पाळा. मोठेपणी एकमेकांना अहो-जाहो करणारी पात्रं लहानपणी ए, अरे, अगं वर येतील, टोपणनावं येतील, ते जरूर करा. आवाज देणारा माणूस बदलायचा की नाही हे पात्र बघून ठरवा, त्या छोट्या स्कूबीच्या मालिकेत स्कूबी आणि शॅगीला डॉन मेसिक आणि केसी केसम यांचे जुनेच आवाज ठेवले होते आणि ते छान चालून गेलं.

एक उदाहरण करून दाखवते. समजा तुमच्या कॉमिकमध्ये बंडोपंत नावाचे एसटी कंडक्टर आहेत, नियम म्हणजे नियम, सुट्टे नसतील तर तिकीट नाही, हिशोब पैशापैशाचा. लहान करायचे तर खाकी शर्ट घालून छोटा कंडक्टर काढणं सोपं आहे पण त्यात मजा नाही, कारण तो मोठाच राहिला, फक्त उंची कमी झाली. त्याऐवजी सहा वर्षांचा बंड्या घ्या, नियमाचं वेड तेच, पण आकडे फक्त वीसपर्यंत येतात. अंगणात खाटेची बस केलीय, झाडाची पानं तिकिटं, आणि विसावं तिकीट फाडलं की बस फुल्ल, एकविसावा कुणी आला तर बंड्या त्याला घेणारच नाही कारण त्याच्या लेखी पुढे आकडाच नाही. आता एकविसावी म्हणून त्याची आजीच आली तर? इथून पुढे गोष्ट तुम्हाला सांगावी लागत नाही, ती आपली आपण चालते. बघा, उजव्या रकान्यात फक्त "वीसच्या पुढे येत नाही" एवढंच होतं.

कधी कधी लहानपण नकोच असतं, पुढची पिढी हवी असते. टायनी टून ॲडव्हेंचर्समध्ये (१९९०) बग्ज बनी लहान नाही झाला, तो शिक्षक झाला आणि बस्टर-बॅब्स ही नवी ससापोरं त्याच्याकडे शिकायला आली. मूळ पात्राला हात लावायची भीती वाटत असेल तर हा मार्ग खूप सोयीचा.

हक्कांचं मात्र हलक्यात घेऊ नका. दुसऱ्याचं चालू कार्टून लहान करून सरावाला वहीत काढणं वेगळं आणि त्यावर पैसे कमावणं वेगळं, पात्र लहान केलं म्हणून ते तुमचं होत नाही, त्यासाठी मालकाची परवानगी लागते. भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. पुराणातली, लोककथांतली मंडळी सगळ्यांची आहेत, भीम घ्या, बिरबल घ्या, तेनालीराम घ्या, फक्त एखाद्या कंपनीने केलेलं रूप, कपडे, त्यांची गावं उचलू नका, स्वतःचं काढा. आणि तुमचं स्वतःचंच मोठं पात्र असेल तर याहून छान काही नाही.

पहिला भाग झाला की दोन जणांना दाखवा. एक असा ज्याला मोठं पात्र पाठ आहे, त्याने नाव न वाचता कोण ते ओळखलं पाहिजे. दुसरं एखादं लहान मूल, ज्याने मूळ पात्र कधी पाहिलंच नाही, त्याला काही समजावून सांगू नका, नुसतं दाखवा आणि कुठे हसतंय, कुठे उठून जातंय ते लिहून ठेवा. पहिल्याने ओळखलं आणि दुसरं उठून गेलं तर गोष्ट परत लिहा. दुसरं हसलं आणि पहिल्याने ओळखलं नाही तर चित्र परत काढा, खूण कुठेतरी हरवलीय.