अमेरिकेत दहावीत येताय? गणिताचा वर्ग कोणता मिळतो ते आधी बघा

एपी कॅल्क्युलस (शाळेतच शिकवलं जाणारं, कॉलेजच्या पातळीचं कलन) म्हणजे काय, एबी आणि बीसी या त्याच्या दोन कोर्समध्ये फरक काय, हे तुम्ही आधीच शोधलं असणार. मला सांगायचंय ते त्याच्या अगोदरचं. इथे आल्यावर शाळा तुम्हाला गणिताच्या कुठल्या वर्गात बसवते, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

इथे साधारण क्रम असा: अल्जिब्रा 1, जॉमेट्री, अल्जिब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एका वर्षात एक. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी चालतात. बालभारतीची भाग 1 आणि भाग 2 अशी दोन पुस्तकं, दहावीला 40-40 मार्कांचे दोन पेपर. गुणपत्रिकेवर मात्र एकच ओळ: मॅथेमॅटिक्स.

मी नाशिकहून नववी करून डॅलसजवळच्या एका शाळेत दहावीत आले. काउन्सेलरनं, म्हणजे विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या सल्लागारानं, गुणपत्रिका पाहिली, त्यात भूमिती कुठे लिहिलेली नव्हती. अल्जिब्रा 1 चं क्रेडिट दिलं, म्हणजे तो विषय झाला असं धरलं, आणि मला जॉमेट्रीत घातलं. आई-बाबांना वाटलं, बरं झालं, पहिलं वर्ष सोपं जाईल. समांतर रेषा, एकरूप त्रिकोण, वर्तुळाच्या जीवा, सगळं परत एकदा. आता पुढचा हिशोब करा. दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जिब्रा 2, बारावीत प्रीकॅल्क्युलस, आणि शाळा संपली. कॅल्क्युलसला जागाच उरत नाही. हे कुणी तुम्हाला समोर बसवून सांगत नाही. कॉलेजांची यादी करायला घेतली की कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. एमआयटी शाळेत काय शिकून यावं ते सांगते, त्यात कॅल्क्युलसपर्यंतचं गणित येतं. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या बहुतेक मुलांनी ते केलेलं असतं.

म्हणून निघायच्या आधीच शाळेकडून लेटरहेडवर पत्र घ्या. बीजगणित आणि भूमिती वेगवेगळी लिहिलेली, प्रत्येकाचे मार्क आणि धड्यांची नावं इंग्रजीत. दोन्ही पुस्तकं सामानात टाका, इंग्रजी आवृत्ती मिळाली तर उत्तमच. टेक्सासात शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात. त्याच्या आधी ईमेल करून, म्हणजे लेखी, प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, मागा. तिथे क्रेडिट बाय एक्झाम, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची, अशीही सोय आहे: विषय आधी शिकलेला असेल तर 70 टक्के लागतात, नसेल तर 80. नववीची भूमिती नीट झाली असेल तर हे जमण्यासारखं आहे. लाजू नका, हक्कानं मागा.

पण अल्जिब्रा 2 सोडायला जाऊ नका. ‘आपलं गणित पुढे असतं’ हे इथल्या आई-बाबांचं आवडतं वाक्य आहे आणि ते अर्धंच खरं आहे. लॉगरिदम आणि संमिश्र संख्या आपल्याकडे अकरावीत येतात, इथे अल्जिब्रा 2 मध्ये. ग्राफिंग कॅल्क्युलेटर तर आपण हातातही धरलेला नसतो, आणि एपीच्या पेपरात काही भाग त्याच्यावरच असतो.

प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात उरकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. जॉमेट्री उन्हाळ्यात होते, कारण ती आपली झालेली असते. प्रीकॅल्क्युलस नवीन असतं. माझ्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता, म्हणून मी ते कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) उन्हाळ्यात केलं. बारावीत एबीला बसले तेव्हा डेरिव्हेटिव्ह समजायचं, पण गाडी अडायची ती त्रिकोणमितीच्या सूत्रांवर आणि लॉगवर. वर्षभर.

इथल्या मराठी मंडळातल्या काका-काकूंचा सल्ला प्रेमाचा असतो, तरी जपून घ्या. त्यांची मुलं इथेच वाढलेली, त्यातल्या बऱ्याच जणांना अल्जिब्रा 1 आठवीतच मिळालेलं असतं. त्यांचा रस्ता वेगळा. त्यापेक्षा शाळेत कॅल्क्युलस शिकवणाऱ्या शिक्षकांना पहिल्याच महिन्यात भेटा आणि विचारा, तुमच्या वर्गात येताना मला काय पक्कं यायला हवं? मला सगळ्यात उपयोगी उत्तर तिथे मिळालं.

आणि एवढं करूनही कॅल्क्युलस बसलंच नाही, तर खचू नका. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॉलेजं, गणिताची तीन वर्षं मागतात, चार असावीत अशी शिफारस करतात. काउन्सेलर अर्जाबरोबर शाळेचं प्रोफाइल पाठवतात, त्यावरून तुमच्या शाळेत काय उपलब्ध होतं ते कॉलेजला दिसतं. बारावीतल्या एपीचा पेपर मे महिन्यात असतो, निकाल जुलैत, आणि बहुतेक अर्ज जानेवारीच्या सुरुवातीलाच गेलेले असतात. त्यामुळे त्या स्कोअरची धास्ती प्रवेशासाठी नको; बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड मात्र शाळा कॉलेजांना पाठवते त्या मिड-इयर रिपोर्टमधून पोचतात, ते सांभाळा. कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यात जास्तीच्या माहितीची जागा असते. तिथे तीन-चार वाक्यांत लिहा: कुठल्या इयत्तेत आलात, आधी काय शिकला होतात, कुठे बसवलं गेलं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. रडगाणं नको, तारखा आणि विषय पुरेत.