एपिसोडचं वे-बिल

अमळनेरला गेले की मावशी दर वेळी विचारते, "तू तठे काय करस, माय? पैसा तूच लावस का?" कौटुंबिक मालिकांच्या निर्मितीत पंधरा वर्षं काढली, पण तिला एका दमात उत्तर देणं मला अजून जमलेलं नाही. या धंद्यात यायचं असं ठरवलेली धुळ्या-जळगावकडची मुलंमुलीही मला हेच विचारतात, फक्त जरा आडून. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मालिका सुरू होताना जी नावांची पट्टी सरकते, तिच्यात 'निर्माता' हा शब्द तीन-चार ठिकाणी येतो. एक निर्माता बॅनरचा, म्हणजे निर्मिती संस्थेचा, मालक. पैसा त्याचा, किंवा त्याने उभा केलेला. सुपरवायझिंग प्रोड्यूसर त्याच्या वतीने एक-दोन मालिकांवर लक्ष ठेवतो. क्रिएटिव्ह प्रोड्यूसर लेखकांसोबत बसून पुढच्या महिन्याची गोष्ट हलवतो. आणि एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, म्हणजे सेटवरचा 'ईपी', उद्या सकाळी सातला कोण, कुठे, कोणत्या कपड्यात उभं असेल ते आज रात्री ठरवतो. चॅनेलचाही एक ईपी असतो आणि त्याने होकार दिल्याशिवाय यातलं काही हलत नाही. नवीन माणूस या दोन ईपींच्या मधल्या फटीतून आत शिरतो. मीही तशीच शिरले.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. ड्युटी संपली की तिकिटं, रोकड आणि वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकीटविक्रीच्या हिशोबाचा कागद, जुळवायचं, कमी पडलं तर खिशातून भरायचं, मगच घरी. जेवण गार झालं तरी चालेल, पण आजचा हिशोब उद्यावर नाही. निर्मितीचं काम मला यातूनच कळलं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मी गेले नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टेलिव्हिजनचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन किंवा ध्वनी यांत जायचं असेल तर त्यांची प्रवेश परीक्षा जरूर द्या. निर्मितीत यायचं तर मात्र मी आधी विचारेन, कॉलेजच्या एकांकिकेचा खर्च कोणी सांभाळला होता? आमच्याकडे विद्यापीठाचा युवारंग महोत्सव असतो, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं असतात. तिथे विंगेत उभं राहून ज्याने टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, नेपथ्य ओलं होऊ दिलं नाही आणि उरलेले पैसे परत आणून दिले, त्याची निम्मी तयारी झालेली असते. मी प्रताप कॉलेजच्या नाटकात एकदाही स्टेजवर गेले नाही. चहाचा हिशोब तेवढा चोख ठेवला.

तेव्हा मुंबई म्हणजे एसटीने धुळे आणि धुळ्याहून रातराणी. कसारा घाटात जाग यायची. आता खान्देश एक्सप्रेस अमळनेरहून सुरतमार्गे वांद्र्याला नेऊन सोडते. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, मीरा रोड-नायगाव, काम बहुतेक या पट्ट्यातच असतं. म्हणून खोलीही याच बाजूला शोधा. सातचा कॉल आणि बारा तासांची शिफ्ट, त्यात येण्याजाण्याचे चार तास घातलेत तर तीन महिन्यांत आजारी पडाल.

येताना तीन-चार महिने पुरतील एवढे पैसे घेऊन या. पहिल्या मालिकेत माझे तीन महिन्यांचे पैसे थकले होते, त्यातले एका महिन्याचे आजतागायत मिळाले नाहीत. त्या निर्मात्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. लेखी काही नव्हतं. नव्वद दिवसांनी पैसे ही या क्षेत्रातली जुनी रडकथा आहे, कामगार संघटना त्यावर वर्षानुवर्षं भांडतायत. पगार किती, कोणत्या तारखेला आणि पट्टीत नाव कोणत्या हुद्द्याने जाणार, एवढं तरी मेलवर लिहून घ्या. लाजू नका. समोरचा लाजत नाही.

आता विषयाकडे येते. 'प्रेरणादायी कौटुंबिक मालिका' हा शब्दप्रयोग चॅनेलच्या मीटिंगमध्ये फार चालतो. ही काही आजची कल्पना नाही. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' आली, तिच्यामागे मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांची पद्धत होती. त्यांनी साक्षरतेसारखे विषय मालिकेच्या गोष्टीत मुरवले होते. चांगलं पात्र, वाईट पात्र आणि मध्ये चुकत-सावरत शिकणारं तिसरं पात्र, अशी ती मांडणी. प्रेक्षक त्या तिसऱ्याला धरून बसतो. 'हम लोग'मध्ये भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, तेही लोकांना आवडायचं. आज तसं कोणी येऊन बोललं तर रिमोटकडे हात जाईल. मधलं पात्र मात्र अजून तितकंच चालतं.

आपल्या मालिकांचं बिनसतं ते वेगळ्याच जागी. पहिल्या भागात नायिका म्हणते, मला अधिकारी व्हायचंय. दहाव्या आठवड्यात जाऊबाई तिच्या दुधात काहीतरी कालवते आणि पुस्तकं कपाटात जातात. मग थेट 'लीप', म्हणजे गोष्टीत काही वर्षांची उडी, येतो आणि ती लाल दिव्याच्या गाडीतून उतरते. मधला सगळा अभ्यास कोणी केला? हे लेखकाच्या आळसाने होतं असं मला वाटायचं. नंतर कळलं, गुरुवारने होतं. कोणती मालिका किती लोकांनी पाहिली हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. 2015 पासून त्यात ग्रामीण घरंही मोजली जातात. ज्या आठवड्यात आकडा घसरतो, त्या आठवड्यात अभ्यासाचा सीन उडतो आणि थप्पड येते.

तो सीन वाचवणं हे निर्मात्याचं काम आहे, आणि भाषण ठोकून तो वाचत नाही. किंमत लावली तर वाचतो. 'तिने खूप कष्ट केले' असं लेखक लिहितो, तेव्हा मी विचारते, किती रुपयांचे? परीक्षेची फी कधीपर्यंत भरायचीय, घरात किती आहेत, कमी किती पडतात, आणि आईची पोत जळगावच्या पेढीवर गहाण ठेवली तर सणाला तिच्या गळ्यात काय दिसणार? झाला की नाही सीन? थप्पड लागली नाही, जाऊबाईही लागल्या नाहीत. आईच्या सासूला फक्त विचारू द्या, "पोत कुठाय गं?" शुक्रवारचा हुक पॉइंट, म्हणजे प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत अडकवणारा शेवट, तयार. खान्देशातून आलेल्या पोराकडे भांडवल कोणतं म्हणाल तर हे. कापसाचा भाव पडला की घरातली कोणती गोष्ट आधी बंद होते, हे त्याला ठाऊक असतं.

माझी सर्वांत महागडी चूकही एका अशाच तपशिलात झाली. मालिकेची नायिका पापडाचा घरगुती धंदा उभा करते. मी हौसेने सुचवलं, वाळवण दाखवू. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बाजा (खाटा) टाकल्यात, उडदाचे पापड, बिबडे, कुरडया वाळतायत, खाली आळीतल्या बाया लाटतायत. सगळे खूश. मालिका एप्रिलमध्ये सुरू होणार होती. चॅनेलने ती पुढे ढकलली, पण स्क्रिप्टमधला वैशाख तसाच राहिला. आम्ही मढला सेट लावला तेव्हा तारीख होती 11 जुलै. पापड दुपारपर्यंत चामड्यासारखे वातड झाले, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशी. प्रॉडक्शनवाल्याने धावपळ करून दुकानातून तयार पापड आणले. मशीनचे, एका मापाचे, कंपासने काढल्यासारखे गोल. लाइट लावून उन्हाचा आभास केला. प्रक्षेपणानंतर आईचा फोन आला, "हे कोणी लाटले? सगळे एकसारखे कसे?"

त्या दिवसाचा खर्च पाण्यात गेला. जागेचं भाडं, बारा ज्युनिअर आर्टिस्ट, कॅमेरा, लाइट, जेवण, सगळं माझ्या नावावर लागलं. पण पुढचे सहा सीन त्याच वाळवणावर बेतलेले होते. रात्री संवादलेखकासोबत बसून मी म्हटलं, पाऊसच दाखवू. बाया रात्रभर दिव्याखाली लाटतात, सकाळी ऊन येतच नाही, पहिल्या ऑर्डरचा सगळा माल खराब होतो आणि नायिका घरोघर जाऊन अॅडव्हान्स परत करते. एका घरी ती पैसे मोजून देते आणि घरमालकीण म्हणते, "दहा रुपये जास्त दिलेस." एवढंच. हे भाग लोकांच्या लक्षात राहिले. त्यात कोणी जिंकत नाही. तेव्हापासून गोष्ट ऐकताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: हे कोणत्या महिन्यात शूट होणार?

बोलीचंही तसंच. सेटवर 'गावाकडची भाषा' म्हणजे सातारा-कोल्हापूरची, असा सरसकट समज आहे. त्याला कारणही आहे, त्या भागात बरीच चित्रीकरणं झाली, नटही तिकडचे मिळतात. आमच्या 'खान्देशी' आजीने पहिल्याच दिवशी "आलो की रं" म्हटलं आणि मी मान खाली घातली. पण दुरुस्त करायला गेले तर प्रश्न पडला, खान्देशी म्हणजे कोणती? अमळनेर, पारोळा, धुळे इकडे अहिराणी. यावल-रावेरकडे लेवा बोली. नंदुरबारला गेलात तर भिली, पावरी, गुजरी. बहिणाबाईंची बोली आमच्या अहिराणीहून निराळी, हे मुंबईत कोणाला पटवणार? शेवटी मध्यम मार्ग काढला. वाक्यं साधी मराठी, पण 'आंडेर' (मुलगी), 'बठ्ठं' (सगळं), 'भो' (भाऊ) असे शब्द योग्य तोंडी. कोकणातल्या प्रेक्षकाला अडलं नाही, चाळीसगावच्या माणसाला परकं वाटलं नाही. निखळ अहिराणी ऐकायची भूक मात्र आहेच. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींत व्ह्यूज मिळतात ते उगाच नाही. तिथे छोट्या मालिका करणारी मुलं आज ईपीचंच काम करतायत, फक्त त्यांना ते नाव माहीत नाही.

स्वतःचं बॅनर काढायचं स्वप्न बहुतेकांना असतं. त्याआधी हे गणित समजून घ्या. मालिका चॅनेलची असते. हक्क चॅनेलचे, निर्मात्याला दर भागामागे ठरलेली रक्कम. अर्ध्या तासाच्या भागात साधारण बावीस मिनिटांची गोष्ट, आठवड्याला सहा भाग, म्हणजे जवळपास रोज एक भाग हातावेगळा करायचा. घराचा सेट उभारायचा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि तो शे-दोनशे भागांवर पसरवून वसूल करायचा असतो. मालिका ऐंशी भागांत बंद झाली तर उरलेला सेट तुमच्या डोक्यावर. चॅनेलचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, पण बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी वेळेवर भरावाच लागतो. स्पॉटदादाला तर रोजच्या रोज चहा करायचा असतो. एप्रिल 2021 मध्ये राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा कित्येक युनिटं गोवा, सिल्वासा, हैदराबादला हलली. प्रक्षेपण थांबू नये म्हणून बहुतेक निर्मात्यांनी तो खर्च सोसला. ज्यांच्या गाठीला काही नव्हतं, ते तिथेच संपले. मी अजून बॅनर काढलेलं नाही, त्याचं कारण आता कळलं असेल.

दोन-तीन सुटे मुद्दे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहून काढलेल्या मांडणीवर मिळतो. म्हणून दहा-बारा पानांची कन्सेप्ट नोट तयार करा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करा आणि मगच कोणाला पाठवा. मालिकेत लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर त्याच्याकडून काम करवून घेता येत नाही, सलग तीन तासांच्या वर तर नाहीच, आणि त्याच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. हे नियम सेटवर सर्रास विसरले जातात. नवा असिस्टंट म्हणून तुम्ही ते लक्षात ठेवलेत तर सुरुवातीला शिव्या खाल, वर्षभरात तुमच्याशिवाय पान हलणार नाही. आणि रोजचा खर्च रोज लिहा. मी अजूनही पॅकअपनंतर गाडीत बसून लिहिते. युनिटमध्ये त्या वहीला सगळे वे-बिलच म्हणतात.

गेल्या श्रावणात शहाद्याच्या एका मुलीने कन्सेप्ट पाठवली. कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, सणाला दुरावलेले भाऊ एकत्र येतात, जुनी भांडणं मिटतात वगैरे. अशा मी पन्नास वाचल्यात. पण चौथ्या पानावर तिने जाता जाता एक ओळ लिहिली होती. तिच्या घरी रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतात, आणि सहा वर्षांची नायिका आजीला विचारते, "मना नावना गहू कथा शेत?" म्हणजे, माझ्या नावाचे गहू कुठे आहेत? मी तिला फोन केला. म्हटलं, ही ओळ पहिल्या पानावर घे, भावांचं भांडण सगळं मागे ढकल, आणि पहिल्या पाच भागांचं कच्चं बजेट करून पाठव.

बजेट दुसऱ्याच दिवशी आलं. बरं होतं. गव्हाचा खर्च धरायचा तेवढा राहिला होता.