प्रखर हेडलाईटचा त्रास आणि रात्री नीट दिसण्याचे उपाय

ऊसतोडणीच्या हंगामात बीड, परभणी, लातूरकडील दुपदरी रस्त्यांवर समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपतात आणि नेमकी त्याच क्षणी पुढे उभी असलेली, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेनाशी होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते, म्हणजे दोनच सेकंद डोळे दिपले तरी ४४ मीटर अंतर आपण न पाहता कापतो. यावर अनेकजण स्वतःच्या गाडीलाही अधिक प्रखर एलईडी बल्ब बसवून घेतात. हा उपाय टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण हेडलाईटच्या रचनेत आहे. एच-४ हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: एक दूरवर जाणाऱ्या अप्परसाठी आणि दुसरे खाली झुकलेल्या डिपरसाठी. डिपरच्या फिलामेंटखालची धातूची छोटी वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडणारा आणि तेथून उसळून समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड अडवते. त्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घातला की प्रकाशाचा उगम बहुधा मूळ जागेवरून सरकतो आणि उजेड वाटेल तसा पसरतो. गाडीपुढची जमीन लख्ख होते, त्या उजेडाने आपलीच बाहुली आकसते आणि दूरचे कमी दिसते. त्यातून निळसर पांढरा रंग समोरच्याच्या डोळ्यांना अधिक खुपतो. बल्ब कंपनीने दिलेल्या प्रकाराचाच आणि तेवढ्याच वॅटचा ठेवावा.

त्याहून महत्त्वाचे काम फोकस, म्हणजे हेडलाईटच्या उजेडाची दिशा, तपासण्याचे आहे आणि ते घरीही करता येते. टायरची हवा योग्य भरून, चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. डॅशबोर्डवरचे फोकसचे बटण शून्यावर ठेवून हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने दाखवावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे; हेडलाईटवर उताराची टक्केवारी छापलेली असल्यास तीच प्रमाण मानावी (१ टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर). डाव्या बाजूला ही कड वर चढलेली असते, कारण आपण डावीकडून चालतो; उजवीकडे मात्र ती सपाटच हवी. फरक आढळल्यास गॅरेजमध्ये फोकस बांधून घ्यावा. मागे पोती किंवा पाच माणसे असली की गाडीचे नाक वर उचलले जाते, तेव्हा ते बटण एक, दोन किंवा तीनवर न्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील नियम १०६ देखील ८ मीटरवरील, दीड मीटर उंचीच्या डोळ्यांना दिपवणारा दिवा मान्य करत नाही.

विंडशील्ड आतूनही पुसावी. काळ्या मातीच्या धुळीचा पातळ थर समोरचा उजेड सगळ्या काचेवर पसरवतो. पिवळ्या चष्म्यांवर खर्च करू नये, कारण ते डोळ्यांत येणारा एकूण प्रकाशच घटवतात. समोरून अप्पर आला तर आपणही अप्पर लावून उत्तर देऊ नये. वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवावी.

नव्या तंत्रज्ञानात मॅट्रिक्स एलईडी सर्वांत उपयुक्त वाटते, कारण कॅमेऱ्याच्या मदतीने समोरच्या गाडीपुरता भाग झाकून बाकी रस्त्यावर अप्पर चालू राहतो. नवी गाडी घेताना पैसे खर्चायचे असतील तर यावर खर्चावेत. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये प्रथम आला. त्याला उजेडाची गरज नसल्याने तो दिपतही नाही. माणूस, बैल, रानडुक्कर त्यात ठळक दिसतात. मात्र साध्या काचेतून ही उष्णतेची किरणे जात नसल्याने तो गाडीच्या बाहेर, पुढच्या जाळीतच बसवावा लागतो. विंडशील्डच्या आत चिकटवायचा स्वस्त ‘नाईट व्हिजन’ कॅमेरा हे काम करू शकत नाही. शिवाय मे महिन्यात उशिरापर्यंत तापलेला डांबरी रस्ता आणि माणसाचे शरीर यांच्या तापमानातला फरक घटतो, तर थंडीत तासन् तास उभी असलेली ट्रॉली आसपासच्या हवेइतकीच गार झाल्याने फिकी पडते.

म्हणून ज्यांच्याकडे ट्रॉली किंवा बैलगाडी आहे त्यांनी मागच्या दोन्ही टोकांना, पूर्ण रुंदी कळेल अशी, लाल रेडियम पट्टी लावावी. ती लोंबणाऱ्या उसाखाली झाकली जाणार नाही हे पाहावे आणि रस्त्यावर येण्यापूर्वी तिच्यावरचा चिखल पुसावा.